रानांतील झाड उचलावें कीं राहूं द्यावें?

मोठ्या जातीचें झाड उथळ कुंडींत वर्षानुवर्षें जगवून, रूप जुन्या वृक्षाचें पण उंची हातभर, असें राखण्याच्या कलेस जपानी भाषेंत बोन्साय म्हणतात. 'बोन' म्हणजे तबकासारखें उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लावणी. ही कला मूळची चीन देशांतील. तेथून ती जपानांत गेली व तेथील लोकांनीं तिला आजचें वळण दिलें. आपल्या भाषेंत अशा झाडास वामनवृक्ष हें नांव रूढ झालें आहे, आणि तें आम्हांस फार समर्पक वाटतें. पुराणांतील वामन आकारानें लहान खरा, परंतु तीन पावलांत त्रैलोक्य व्यापण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं होतें. कुंडींतील वडाचेंहि तसेंच आहे. त्याची जात निराळी नसते. त्यास मोकळ्या जमिनींत लावलें तर तो गांवच्या पाराएवढा होईल.

असें झाड मिळविण्याचे मार्ग दोन. बीं पेरून किंवा कलम लावून रोप करावें व तें हळूहळू घडवावें, हा एक. आणि रानांत, बांधावर किंवा खडकावर आपोआप खुजें राहिलेलें झाड मुळासकट उचलून आणावें, हा दुसरा. जपानांत या दुसऱ्या मार्गास यामादोरी म्हणतात. 'यामा' म्हणजे डोंगर आणि 'तोरी' म्हणजे घेणें. समासांत 'तोरी'चें 'दोरी' होतें. झाड कसें खणावें, कोणत्या मातींत लावावें, तार कशी गुंडाळावी, हें जाणते लोक हौसेनें सांगतात. परंतु त्याच्याहि आधींचा प्रश्न, म्हणजे समोरचें झाड मुळांत उचलण्याच्या योग्यतेचें आहे कीं नाहीं, हा बहुधा दोन वाक्यांत आटोपला जातो. आमच्या मतें खरी परीक्षा याच प्रश्नांत आहे. कुदळ एकदां चालली म्हणजे मग विचार करून उपयोग नाहीं. खडकावर पन्नास वर्षें ऊन सोसलेलें झाड अजाण हातीं पडलें तर एका महिन्यांत वाळतें, आणि तसें दुसरें करावयास पुन्हां पन्नास वर्षें लागतात.

रानांतील झाडाचा मोह कां पडतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. कुंडींतल्या झाडाचें खोड फारसें जाड होत नाहीं. खोड जाड व्हावयाचें म्हणजे पुष्कळ पानांनीं पुष्कळ अन्न तयार करून खालीं पाठविलें पाहिजे. आणि कुंडींत तर आपण शेंडे खुडतों, फांद्या छाटतों, मुळें कापतों. म्हणून बियांपासून केलेल्या झाडास मनगटाएवढें खोड यावें असें वाटत असेल, तर त्यास आधीं कित्येक वर्षें जमिनींत मोकळें वाढूं द्यावें लागतें. रानांत हें काम निसर्गानें अगोदरच करून ठेविलेलें असतें. जपानच्या डोंगरांवर बर्फाचें ओझें फांद्या वांकवितें व मोडतें, वारा शेंडा सुकवितो, आणि कड्याच्या फटींत मूठभर मातीवर झाड शंभर शंभर वर्षें काढतें. आमच्या दख्खनच्या माळांवर व कोंकणच्या सड्यांवर बर्फ नाहीं. येथें बर्फाचें काम शेळी करते. बोरीचा किंवा करवंदीचा कोंवळा शेंडा दिसला कीं ती तो खाते. तो पुन्हां फुटतो आणि पुन्हां खाल्ला जातो. त्यांत भर म्हणून सरपणासाठीं कोयता फिरतो, उन्हाळ्यांत वणवा येतो, आणि जांभ्या दगडाच्या खांचेंत पावसाळा सरल्यावर ओल टिकत नाहीं. अशा जागीं पुष्कळ वर्षांचें झाड गुडघ्याएवढें असतें व त्याचें बूड मात्र मनगटाहून जाड असतें. जपानी माळी कात्रीनें व तारेनें जें करतो, तें येथें शेळीनें दातांनीं केलेलें असतें. तिला मजुरी मात्र कोणी देत नाहीं.

आतां असें झाड समोर आल्यावर पाहावयाचें काय? नवशिका मनुष्य वर पाहतो. हिरवीगार पानें, एखादें फूल, डौलदार शेंडा यांनीं त्याचें मन जातें. वास्तविक या सर्व गोष्टी घरीं पोंचण्यापूर्वींच कापल्या जावयाच्या असतात. वामनवृक्षांत एक ठोकताळा आहे कीं, झाडाची उंची बुडाच्या जाडीच्या सुमारें सहापट असली म्हणजे तें जुनें व भारदस्त दिसतें. हें कांहीं शास्त्रवचन नव्हे. सडपातळ बांध्याचीं झाडें याहून पुष्कळ उंच ठेविलीं तरी शोभतात. तरी हिशेब करून पाहावा. सहा फूट उंचीच्या झाडाचें बूड दोन इंच जाड असेल, तर त्यांतलें फूटभर आपल्या कामाचें, आणि वरचे पांच फूट सरपण. तेव्हां आपण घरीं नेणार तो खालचा फूटभर भागच होय, आणि परीक्षाहि त्याचीच केली पाहिजे. आम्ही तर असें सुचवितों कीं, झाडापुढें उकिडवें बसावें, एका हातानें वरचा सगळा पाला झांकावा आणि उरलेलें खुंट आवडतें कीं नाहीं तें पाहावें.

त्या खुंटांत तीन गोष्टी शोधाव्या. पहिली, बुडाशीं मुळांचा पसारा. जुना वड किंवा आंबा आठवावा. त्याचें खोड जमिनींत खांबासारखें रोंवलेलें नसतें. तें पायथ्याशीं रुंद होत जातें व मुळें चहूं बाजूंनीं जमीन घट्ट धरून बसलेलीं दिसतात. जपानी लोक यास नेबारी म्हणतात व झाडाचें मोल ठरवितांना प्रथम हीच पाहतात. पालापाचोळा व वरची दोन बोटें माती हातानें बाजूस सारल्याशिवाय ती दिसत नाहीं. पुष्कळदां वरून सामान्य वाटलेलें झाड एवढ्यानेंच मनांत भरतें, आणि वरून सुंदर वाटलेलें निकामी ठरतें. दुसरी गोष्ट, खोडाची उतरती जाडी. खालीं जाड व वर क्रमाक्रमानें बारीक असें खोड म्हाताऱ्या झाडाचें असतें. खालपासून वरपर्यंत सारखें असलेलें खोड काठीसारखें दिसतें. खालीं बारीक व मध्येंच फुगलेलें असेल तर त्याच्या नादीं न लागणें बरें. तिसरी गोष्ट, खोडाचें वळण. मोडलेल्या शेंड्याच्या जागीं बाजूची फांदी वर चढली, तीहि पुढें मोडली व दुसरीनें तिची जागा घेतली, असा इतिहास ज्या खोडांत दिसतो तें पाहावयास कधीं कंटाळा येत नाहीं.

फांद्यांचा विचार आम्हीं या तिहींत केला नाहीं, याचें कारण फांद्या पुढें करतां येतात. चांगलें फुटणाऱ्या झाडास पांच-सहा वर्षांत नवा डोलारा देतां येतो. परंतु बूड, खोड आणि जातीचा स्वभाव हीं मिळालीं तशींच पत्करावीं लागतात. स्वभावांत पानाचा आकार येतो. कुंडींत वारंवार छाटल्यानें पानें कांहींशीं लहान होतात, पण साग किंवा पळस यांचीं पानें किती लहान होणार? हातभर झाडावर ताटाएवढें पान विनोदी दिसतें. फुलें व फळें तर मुळींच लहान होत नाहींत. म्हणून चिंच, बोर, करवंद, बाभूळ यांसारखीं बारीक पानांचीं झाडें या कामीं सोयीचीं.

स्वभावांतलीच दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. झाड खणतांना त्याचीं पुष्कळशीं मुळें तुटतात. तेव्हां वरचा भारहि कमी करावा लागतो. तो कमी केल्यावर उघड्या, जुन्या लांकडांतून नवा कोंब फुटेल कीं नाहीं, हें जातीवर अवलंबून आहे. वड, उंबर, बोर, करवंद, चिंच हीं झाडें खुंट राखलें तरी बहुधा फुटतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांची फांदी पानें नसलेल्या जुन्या भागावर तोडली तर ती सहसा पुन्हां फुटत नाहीं. तेथें हिरवा भाग राखूनच कापावें लागतें, आणि ज्या पाइनच्या बुडाजवळ जिवंत फांदी नाहीं तो उंच बांबूसारखा तसाच राहतो. आपल्या गांवच्या झाडांविषयीं ही माहिती हवी असेल तर डोंगरांतून मोळी आणणाऱ्या बायांस विचारावें. कोणतें खुंट पुन्हां फुटतें व कोणतें मरतें, हें त्यांना पुस्तकें लिहिणाऱ्यांपेक्षां अधिक ठाऊक असतें.

येथवर जें सांगितलें तें डोळ्यांना दिसणारें. निर्णयाचा निम्मा भाग मातीखालीं असतो. झाड जगतें तें जाड मुळांवर नव्हे. पाणी शोषण्याचें काम टोंकाकडील केंसासारखीं बारीक मुळें करतात. अशीं मुळें बुडाजवळ असतील तर तीं मातीच्या गड्ड्यासह आपल्याबरोबर येतात. तीं दहा हात दूर, खडकाच्या भेगेंत शिरलेलीं असतील, तर आपल्या हातीं दोन-तीन जाड सोटे येतात व झाड उपाशी मरतें. याची साधी पारख अशी कीं, खोड धरून हळूच हलवावें. त्याबरोबर भोंवतालची मातीहि एका तुकड्यासारखी हलली तर आशा आहे. झाड दगडांत रोंवल्यासारखें मुळींच हललें नाहीं, तर त्याचा जीव खडकाच्या पोटांत आहे असें समजावें व नमस्कार करून पुढें जावें. मधली अवस्था असेल तेव्हां बुडापासून वीतभर अंतरावर मातींत बोटें घालून पाहावें. बारीक पांढरट मुळें लागलीं तर बरें.

संशय असेल तेव्हां एक वर्ष थांबण्याचा मार्ग आहे. बुडाभोंवतीं अर्ध्या वर्तुळाएवढा चर खणावा, त्यांत आलेलीं जाड मुळें स्वच्छ कापावीं व चर कुजलेल्या खतमिश्रित मातीनें भरून टाकावा. उरलेल्या अर्ध्या मुळांवर झाड जगतें, आणि कापलेल्या टोंकांपाशीं नवीं बारीक मुळें फुटतात. पुढल्या हंगामांत दुसरें अर्धें करावें, व मग उचलण्याचा विचार करावा. लूकच्या शुभवर्तमानांतील निष्फळ अंजिराचा दाखला आमच्या वाचकांस माहीत आहेच. धनी झाड तोडा म्हणतो, आणि माळी आणखी एक वर्षाची मुदत मागतो, तेवढ्यांत भोंवतीं खणून खत घालतों म्हणतो. तो दाखला मनुष्याविषयीं आहे, झाडाविषयीं नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि त्या माळ्यास आपला धंदा चांगला ठाऊक होता.

हे नियम प्रत्यक्ष लावून पाहूं. कोंकणांतल्या एखाद्या सड्यावर करवंदीचें एक जुनें जाळें आहे असें समजा. शेळ्यांनीं खाऊन खाऊन तें गुडघ्याएवढें राहिलें आहे, बूड पिळदार आहे, खालचा फूटभर भाग चित्रांत काढावा असा आहे. पण तें जांभ्याच्या एका अरुंद भेगेंतून वर आलें आहे आणि हलविलें तर हलत नाहीं. येथें चर खणावयास माती नाहीं, पहारीनें दगड फोडला तर मुळें ठेंचतात. तीन कसोट्यांस पूर्ण उतरलेलें हें झाड चौथीवर जातें. तें तेथेंच राहूं द्यावें. पाहणाऱ्याला जें सर्वांत सुंदर वाटतें तें बहुधा असेंच, न उचलतां येण्याजोग्या जागीं असतें. कारण ज्या जागेनें त्यास सुंदर केलें, तीच त्यास सोडावयास तयार नसते.

दुसरें झाड शेताच्या बांधावरची चिंच. पुरुषभर उंच, अंगठ्याएवढी जाड, सरळ. पानें नाजूक, रात्रीं मिटणारीं. पुढेंमागें सालीलाहि सुंदर भेगा पडतील. जात उत्तम, पण या झाडांत आज काय आहे? ना बुडाशीं पसारा, ना वळण, आणि सोटमूळ तर सरळ खोल गेलेलें. असें झाड उचलण्यांत आम्हांस कांहींच शहाणपण दिसत नाहीं. चिंचोका पेरला तर तो सहज रुजतो, आणि रोप लहान असतांनाच सोटमूळ छाटून मुळांस आडवें पसरण्याची संवय लावतां येते. पांच-सात वर्षांत जें आपण बियांपासून करूं शकतों, त्यासाठीं दुसऱ्याच्या बांधावरचें झाड उपटणें म्हणजे आळस होय.

तिसरें झाड वाड्याच्या पडक्या भिंतींत उगवलेला वड. येथें आम्ही थोडें थांबणार आहों, कारण आपल्या प्रांतीं उचलण्यास सर्वांत योग्य झाड जर कोणतें असेल, तर तें हें. वड, पिंपळ, उंबर, पिंपरी, नांदरूक हीं सर्व एका कुळांतलीं. यांचीं बारीक फळें पक्षी व वटवाघळें खातात, आणि विष्ठेबरोबर बीं भिंतीच्या फटींत, गच्चीच्या पन्हळीपाशीं पडतें. पावसाळ्यांत तें रुजतें. मुळें चुन्याच्या सांध्यांतून आंत शिरतात, दरसाल जाड होतात व दगड सरकवितात. घरधनी दरसाल वरचा कोंब कापतो. पण मूळ आंत असल्यामुळें तो पुन्हां फुटतो. असें दहा-पंधरा वर्षें चाललें म्हणजे भिंतीच्या तोंडाशीं एक गांठाळ, फुगीर बुंधा तयार होतो, ज्यांतून दोन-चार कोंवळ्या फांद्या निघालेल्या असतात. वामनवृक्ष करूं पाहणाऱ्याला नेमकें हेंच हवें असतें. शिवाय हें झाड तेथें राहणार नाहींच. भिंत वांचवावयाची तर तें काढलेंच पाहिजे. गवंडी तें आज ना उद्यां छिन्नीनें काढून टाकणार. सड्यावरची करवंद उचलतांना आपण डोंगराचें कांहीं नेतों. भिंतीवरचा वड उचलतांना मरावयाचें तें वांचवितों.

त्याच्यांत दोष नाहीं असें नव्हे. दोन दगडांच्या मध्यें वाढल्यामुळें त्याचीं मुळें पंख्यासारखीं चपटीं झालेलीं असतात, आणि भिंत न पाडतां तीं सगळीं बाहेर येत नाहींत. दुसऱ्या एखाद्या झाडाच्या बाबतींत एवढ्यावरच आम्हीं नको म्हटलें असतें. परंतु वडाचा जीव चिवट. त्याची दंडाएवढी फांदी पावसाळ्याच्या आरंभीं जमिनींत रोंवली तरी मुळें धरते, हें आपले शेतकरी जाणतात. मग थोडीशीं कां होईना, स्वतःचीं मुळें असलेला बुंधा कां जगूं नये? नांदरुकाचेंहि तसेंच, आणि त्याचें पान लहान व चकचकीत असल्यानें तो वडाहूनहि सरस. पिंपळ मात्र कापलेल्या फांदीपासून वडाइतक्या सहजपणें मुळें धरीत नाहीं, तेव्हां त्याच्यापाशीं बारीक मुळें किती येतात हें पाहून ठरवावें. पाऊस नीट सुरूं झाल्यावर, हवा दमट व उबदार असतांना हें काम करावें. वरच्या फांद्या आंखूड कराव्या, सांध्यांतला चुना छिन्नीनें मोकळा करावा, तुटलेल्या मुळांचीं टोंकें धारदार चाकूनें साफ करावीं, आणि चीक वाहून थांबला म्हणजे जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे यांच्या मिश्रणांत लावावें. पानझडी झाडांची वेळ याहून निराळी. तीं पानें गळून नवी पालवी फुटण्यापूर्वीं हलवावीं. भिंतीच्या कामांत घरधन्याची संमति व गवंड्याची सोबत असल्याशिवाय हात घालूं नये. सैल दगड मुळांनींच धरून ठेविलेला असतो, आणि मूळ ओढलें कीं तो खालीं येतो. गडकोट, लेणीं व जुनीं देवळें यांच्या भिंतींस तर शिवूंच नये. त्यांतील पुष्कळ वास्तु १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानें संरक्षित आहेत, आणि तेथील झाडें काढणें हें त्या खात्याचें काम आहे.

झाड किती जुनें, किती सुंदर, याबरोबर तें गेल्यानें तेथें काय उरतें, हाहि हिशेब धरावा असें आम्ही म्हणतों, त्याला जपानांतच मोठा आधार सांपडतो. तेथें शिंपाकु नांवाचें एक जुनिपर जातीचें झाड आहे. त्याचें खोड दोरासारखें पिळलेलें असतें. कांहीं भाग मरून हाडासारखा पांढरा पडलेला व त्याच्या कडेनें जिवंत सालीचा एक तांबूस पट्टा वर गेलेला, असें त्याचें रूप. शिकोकू बेटावर इशिझुची नांवाचा सुमारें साडेसहा हजार फूट उंचीचा पर्वत आहे. त्याच्या कड्यांवर उत्तम शिंपाकु असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं या झाडांस मागणी आली, तेव्हां धाडसी माणसें दोरानें कड्यावर लोंबकळून तीं काढूं लागलीं. इशिझुचीवरचीं चांगलीं झाडें संपत आलीं तेव्हां हे लोक उत्तरेकडे निइगाता प्रांतांतील इतोइगावा भागांत गेले, व तेथील चुनखडीच्या कड्यांवरहि तोच प्रकार झाला. एका पिढीच्या अवधींत शतकांची पुंजी जवळजवळ संपली. आज बाजारांत मिळणारीं शिंपाकु झाडें बहुतांशीं त्या जुन्या झाडांच्या फांद्यांपासून केलेल्या कलमांचीं असतात. तीं कोंवळीं असतांनाच तारेनें पिळून त्यांस डोंगरावरच्या झाडाचें रूप देतात. जें कड्यावर वाऱ्यानें केलें, तें आतां माळी मळ्यांत बसून करतो, आणि पुष्कळदां उत्तम करतो. मग कडे उघडे करण्याची एवढी घाई कशासाठीं होती, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आपल्याकडे कायद्यानेंहि मर्यादा घातली आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें राखीव जंगलांतून परवानगीवांचून झाड काढणें हा अपराध आहे. अभयारण्यें व राष्ट्रीय उद्यानें यांस १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागूं आहे. आणि महाराष्ट्रांतील शहरांच्या हद्दींत झाडांसाठीं १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. रान हें कोणाचेंच नाहीं असें मुलांस वाटतें. वस्तुतः प्रत्येक खडकाला धनी आहे, मग तो शेतकरी असो, ग्रामपंचायत असो वा सरकार असो. विचारल्यावर शेतकरी बहुधा नाहीं म्हणत नाहीं. घरबांधणीसाठीं, रस्त्यासाठीं किंवा विहिरीसाठीं जी जमीन खणली जाणार आहे, तेथील झाडांविषयीं तर अगोदर जाऊन विचारावें. तीं उद्यां मातींत गाडलीं जाणार असतात.

आणखी एक प्रश्न झाडाला विचारावयाचा नसून स्वतःला विचारावयाचा आहे, आणि वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तर तो सर्वांआधीं विचारावा. मे महिन्याच्या सुटींत पाणी कोण घालील? उथळ कुंडींतली माती वैशाखाच्या उन्हांत सकाळीं भिजविली तर संध्याकाळीं कोरडी होते. सड्यावरच्या करवंदीस कोणी पाणी घालीत नाहीं व ती जगते, कारण तिचीं मुळें खोल गारव्यांत असतात. तीच करवंद कुंडींत आली कीं सर्वस्वीं आपल्यावर अवलंबून राहते. दोन दिवसांच्या विसरानें दोन पिढ्यांचें झाड जातें. याचें निश्चित उत्तर, म्हणजे कोणत्या माणसाचें नांव, जवळ नसेल तर झाड कितीहि चांगलें असो, तें उचलण्याजोगें नाहीं.

सर्व विचार करून झाड आणलें, लावलें, सावलींत ठेविलें, आणि तीन आठवड्यांत त्यावर पोपटी पालवी आली, तर पुष्कळ जण तें जगलें असें समजून उन्हांत मांडतात. येथें फसगत होते. ती पालवी खोडांत सांठलेल्या अन्नावर फुटलेली असते. खालीं मूळ नसतांनाहि ती फुटते, आणि सांठा संपला कीं एका दिवसांत मान टाकते. म्हणून पहिलें वर्ष झाडास सावली, दमट हवा व पाण्याचा चांगला निचरा द्यावा; खोड कुंडीस दोरीनें असें बांधावें कीं वाऱ्यानें हलून नवीं मुळें तुटूं नयेत. पहिल्या पालवीचीं पानें पक्व होऊन त्यांवर दुसरी पालवी जोमानें आली, म्हणजे मुळें धरलीं असा तर्क करावा; आणि पुढल्या पावसाळ्यांत तीच पुन्हां आली म्हणजे झाड जगलें असें म्हणावें. तोंपर्यंत फांदीस तार लावूं नये, कीं मूळ आलें काय तें पाहण्यासाठीं माती उकरूं नये.